सुगंधाकाकीची हाळी

आमच्या चाळीतल्या नळाला पाणी आलं की ते आधी सुगंधाकाकीला कळायचं आणि तिच्या तोंडून मग सगळ्या टेकडीला. भांडुपच्या टेकडीवर आमच्या चाळी एकीच्या डोक्यावर एक अशा चढत गेलेल्या. काकी खाली नळापाशी उभी राहून "पाणी आलं गो" एवढंच म्हणायची आणि सगळ्यात वरच्या ओळीतली बाई हंडा उचलायची. तिच्या हाकेवर ज्यांची पिंपं भरायची तीच माणसं दुपारी तिला म्हणायची, काकी, जरा हळू बोलत जा, डोकं उठतं. मला या लोकांचा भयंकर राग यायचा. हाक पाहिजे आणि आवाज मात्र नको, हा कुठला न्याय?

काकीला राग-बिग येत नसे. मुलुंडला औषधांच्या एका कारखान्यात ती बाटल्या धुवायला जायची. तिथल्या मशीनच्या खडखडाटात हळू बोलणाऱ्या बाईचं कोणी ऐकत नाही, असं तिचं म्हणणं. पण तिचा आवाज कारखान्याच्या आधीचा होता. खेड तालुक्यात सह्याद्रीच्या अगदी तळाशी असलेल्या आंबेखोल गावात ती जन्मली. एक वाडी ओढ्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे आणि मधे दरी. मीठ मागायचं तरी दरीवरून ओरडून मागायचं. अशा गावातून ती लग्न करून मुंबईला आली ती आवाज बरोबर घेऊनच. ठेंगणी, पन्नाशीला टेकलेली आणि कशालाही "होईल की" म्हणणारी.

मी तिच्या शेजारच्या खोलीत. नाव शकुंतला, पण सगळे शकुच म्हणतात. आमचं मूळ गाव जालन्याकडचं. अंधेरीला एमआयडीसीत रेडिओचे भाग जोडायच्या कंपनीत मी कामाला होते. दिवसभर भिंगाखाली मान घालून बसायचं आणि सुपरवायझरनं काही विचारलं तर पुटपुटायचं. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती, काकीच्या घरात देव्हारा. मधली भिंत पत्र्याची होती, त्यामुळे मला तिच्या घरातलं सगळं ऐकू यायचं. शहाऐंशीच्या शिवरात्रीची गोष्टही मला अशी भिंतीतूनच कळली.

गणपतीला काकी माहेरी जाऊन आली होती. परत आल्यावर दत्तारामकाकांना सांगत होती आणि रडत होती. दत्तारामकाका म्हणजे तिचा नवरा. गिरणी बंद पडल्यापासून ते अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीच्या फाटकावर बसायचे आणि कमी बोलायचे. काकी रडते हे मला नवीन होतं, म्हणून मी सरळ उठून तिच्या दारात गेले. अशा वेळी भिंतीला कान लावून बसणं मला जमत नाही.

तिनं मला बसवून सगळं सांगितलं. आंबेखोलच्या डोक्यावर जो डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर कपारीत महादेव आहे. दर शिवरात्रीला गावातले पुरुष पहाटे निघून माथा गाठतात आणि उजेडी परत येतात. चढण छातीवर येणारी आहे, आणि मधलं रान अस्वलांचं. आंबेखोलला त्यांना अस्वल म्हणत नाहीत, नाव घेतलं की समोर येतं म्हणून. कांबळीवाला म्हणतात. आता कांबळीवाल्याचं असं असतं की नजर अधू, आणि वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढायला लागला की कानही कामातून गेलेले. माणूस एकदम पुढ्यात आला की तो पळत नाही, उभा राहून तोंडावरच येतो. काकीच्या लहानपणी खंडूकाका म्हणून एक चुलता होता. चुकलेल्या वासरामागे तो मुकाट्यानं रानात गेला आणि अर्धा चेहरा ठेवून परत आला. त्याला चहा पाजायचं काम काकीकडे होतं. तोंडाच्या धड बाजूनं थोडा थोडा ओतायचा.

"तो आपल्या वाटेत येत नाही गं," काकी म्हणाली. "आपण त्याच्या जेवणात जातो. त्याला आधी कळवायला नको?"

तर ते कळवण्याचं काम म्हणजे हाळी. सगळ्यांच्या पुढे एक माणूस चालायचा. वळण आलं की थांबून लांबलचक हाक द्यायचा, मागच्यांनी तिला ओ द्यायची, आणि मग पाऊल पुढे. हा मान काकीच्या बापाकडे होता. माथ्यावर पोचल्यावर तो कड्याच्या टोकाशी येऊन खाली गावाकडे तोंड करून शेवटची हाळी द्यायचा. ती अंगणात ऐकू आली की काकीची आई पितळेच्या ताटावर पळी वाजवायची. म्हणजे पोचलात, कळलं, आता जपून उतरा. बायका कधी वर जायच्या नाहीत. नेम असा नव्हता, पण उंबराच्या पाणवठ्यापर्यंत सोडायला जायचं आणि परत फिरायचं, हीच वहिवाट पडलेली. काकीनं सगळं लहानपण त्या हाका ऐकत काढलं. हाक कुठून आली यावरून बाप कुठल्या वळणाला आहे ते तिला सांगता यायचं.

बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. मान पुतण्याकडे गेला, म्हणजे भाऊंकडे. भाऊ आमच्याच टेकडीवर राहायचे, विक्रोळीला फिटर होते आणि आंबेखोल मंडळाचे अध्यक्षही होते. पण भाऊ हाळी देत नसत. हल्ली कुठे राहिलीत अस्वलं, असं त्यांचं मत. आणि या गणपतीत काकीची आई तिला म्हणाली होती, तुझा बा गेल्यापासून डोंगर मुका झालाय गो. एकदा त्याची हाळी कानावर पडली असती तर डोळे मिटायला मी मोकळी.

"मी सांगून आलेय तिला," काकी डोळे पुसत म्हणाली. "या शिवरात्रीला मी देते हाळी. तू ताट घेऊन बस."

मी विचारलं, तू कधी डोंगर चढलीस? म्हणाली, नाही. मग? म्हणाली, होईल की.

मंडळाची सभा भाऊंच्या ओटीवर भरायची. काकीनं मला बरोबर नेलं. तिनं मागणी मांडली आणि पुरुषमंडळी आधी हसली, मग गप्प झाली, कारण ती हसत नव्हती. भाऊंनी दोन मुद्दे काढले. पहिला हा की लग्न होऊन ती दुसऱ्या गावची झाली, तिचं मंडळ आता नवऱ्याच्या गावचं. दुसरा हा की वाटेत बाई बसली तर तिला खाली आणायला चार माणसं लागतील आणि सगळ्यांची शिवरात्र वाया जाईल. पहिल्या मुद्द्यावर काकी म्हणाली की महादेव काही मंडळाची पावती बघून दर्शन देत नाही. दुसऱ्यावर म्हणाली, परीक्षा घ्या.

भाऊ माणूस सरळ होता, हे मी त्यांच्यावर कितीही चिडले तरी सांगायला हवं. त्यांनी परीक्षा ठरवली. चाळीच्या मागच्या रानातून जी वाट वर धारेवर जाते, जिथून विहार तलावाचं पाणी दिसतं, तिथे शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी त्यांच्याबरोबर चढायचं आणि न बसता चढायचं. जमलं तर चला. एकटी बाई कशी जाणार, अशी कोणी तरी शंका काढली. मी म्हटलं, मी येते. तशी ओटीवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ही आपल्या गावची नाही, आणि आणखीही जे काही मी नाही, ते कोणी बोललं नाही, पण मला ऐकू आलं. काकीलाही आलं. "शकु माझ्यासोबत आहे," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, म्हणजे सगळ्या टेकडीला सांगून झालं. मग आतल्या दारातून आणखी एक आवाज आला, मी पण जाणार. भाऊंची बायको रुक्मिणी. सासर म्हणून इतकी वर्षं दर शिवरात्रीला त्या डोंगराखाली चूल फुंकली आणि माथा एकदाही बघितला नाही, असं तिनं दाराआडूनच ऐकवलं. भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पुढच्याच रविवारी पहाटे आम्ही तिघी मागच्या रानात शिरलो. मी कॅनव्हासचे बूट घातले होते, काकीनं काष्टा घातला होता आणि रुक्मिणीनं दोन्ही हातांतल्या बांगड्या वर सारून घट्ट बसवल्या होत्या. चढ सुरू झाल्यावर जोशात निघालो आणि थोड्याच वेळात तिघींची वाट लागली. माझ्या बरगडीत कळ यायला लागली. रुक्मिणी झाडाला धरून उभी होती. काकी पुढे होती. तिनं वळणावर थांबून तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. तिचाच आवाज तिला सोडून गेला होता.

ती एका दगडावर बसली. मला वाटलं, खचली. पण ती विचार करत होती. मग म्हणाली, बघितलंत ना, जिथे चढ जास्त तिथेच आपण मुक्या होतो. तिथेच झाडी दाट असते आणि वाट अरुंद. म्हणजे नेमकं जिथे कांबळीवाल्याला कळवायचं तिथेच आपला दम संपलेला. बाप हळू का चालायचा, ते आज कळलं. लोक त्याला म्हणायचे, म्हातारा झाला.

"आजपासून पाय मोठा नाही, हाक मोठी," ती उठत म्हणाली. "हाक निघेल तेवढंच चालायचं. नाही निघाली तर पाय थांबवायचा."

तीच आमची सगळी तयारी. पोटातून हाक कशी काढायची, ती संपवताना थोडी हवा मागे कशी ठेवायची, ओ देताना पुढच्या पावलाचा ठेका कसा धरायचा, हे तिनं आम्हाला शिकवलं. ते तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. दरीपलीकडून मीठ मागता मागता आलेलं होतं. रुक्मिणीला सुरुवातीला लाज वाटायची. घरात ती नवऱ्यालासुद्धा खुणेनं बोलवायची. माझं तर काय विचारू नका. माझी पहिली हाक ऐकून काकी म्हणाली, ही सुपरवायझरला दे, कांबळीवाल्याला नको. मी रागावले आणि त्या रागात जी हाक निघाली ती खरी निघाली. खालच्या झाडीतून पाखरं उडाली. मला स्वतःचा इतका आवाज आहे हे वयाच्या पस्तिशीत समजलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

एका रविवारी तर जंगलखात्याचा गार्ड काठी घेऊन धावत वर आला. कोणी तरी बाई संकटात आहे, अशी त्याची खात्री झाली होती. काकीनं त्याला समोर बसवून अस्वलाबद्दल सगळं समजावलं. तो म्हणाला, अहो बाई, या रानात अस्वल नाहीच, बिबट्या आहे. बिबट्या आहे म्हटल्यावर रुक्मिणीनं अशी हाक दिली की गार्डनं कानावर हात ठेवले. त्यानंतर तो आम्हाला बघून नुसता हात हलवायचा.

चाळीत मात्र बोंब झाली. कारण सराव रविवारपुरता नव्हता. काकी संध्याकाळी कामावरून आली की खालच्या नळापासून वरच्या ओळीपर्यंत पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायची आणि प्रत्येक वळणाला हाळी द्यायची. वरून रुक्मिणी ओ द्यायची. मुलांचा अभ्यास होत नाही, म्हाताऱ्यांना धडकी भरते, अशा तक्रारी आल्या. त्यावर दत्तारामकाका आयुष्यात पहिल्यांदाच चाळीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, की उद्यापासून पाणी आल्याची हाक बंद. तक्रारी थांबल्या. सराव चालू राहिला.

उपासाचा प्रश्न राहिला होता. शिवरात्रीला पुरुष निर्जळी उपास करून डोंगर चढायचे, त्यात त्यांना मोठेपणा वाटायचा. काकीनं जाहीर केलं की ती खाणार आणि पाणीही पिणार. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन, म्हणाली. रुक्मिणी उपास मोडायला तयार नव्हती. मग तिच्यासाठी उकडलेली रताळी आणि शेंगदाणे ठरले. पिकलेली केळी आणि गुळाची चिक्की काकीनं पिशवीतून काढून टाकली, गोड वास लांबवर जातो म्हणून. काकीसाठी आणि माझ्यासाठी भाकरी आणि लसणीची चटणी. जवळ्याची चटणी न घेता खेडची माणसं प्रवासाला निघतात, हे मी त्या वर्षी पहिल्यांदा आणि शेवटचं बघितलं.

परीक्षेच्या रविवारी भाऊ पांढरी बनियन आणि हाफपँट घालून आले. बरोबर नंदकिशोर होता. हा मंडळाचा खजिनदार, विमानतळावर सामान चढवायच्या कामाला. भाऊ तरातरा निघाले आणि पहिल्या वळणालाच दिसेनासे झाले. रुक्मिणीचे पाय आपोआप त्यांच्यामागे धावायला लागले. काकीनं तिचा पदर धरून मागे ओढलं. आम्ही हाक देत, ओ देत, आमच्या चालीनं गेलो. कुठे बसलो नाही. धारेवर पोचलो तेव्हा भाऊ उन्हात कमरेवर हात ठेवून उभे होते आणि नंदकिशोर आडवा झाला होता. भाऊ धापा टाकत म्हणाले, की आम्ही पोचून किती वेळ झाला.

"बसलो का कुठे?" काकीनं विचारलं.

नाही बसलात, भाऊंनी मान्य केलं.

"मग आता तुम्ही एक हाळी द्या, भाऊ. मान तुमचा आहे."

भाऊंनी छाती फुगवली. त्यांच्या तोंडून जे आलं त्याला हाळी म्हणवत नाही. मधेच खोकला आला आणि ते खाली बसले. रुक्मिणी त्यांना पाणी द्यायला धावली. खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या, पण काकीनं माझ्याकडे असं बघितलं की मी तलावाकडे तोंड फिरवलं. भाऊ पाणी पिऊन म्हणाले, ठीक आहे, चला तिघी. पण हाळीची काही गरज नाही. नंदकिशोरच्या भावानं आखातातून रेडिओ-टेपचा टू-इन-वन आणलाय. तो भजनं लावून खांद्यावर घेईल. कांबळीवाल्याला आवाजच पाहिजे ना, यंत्राचा झाला म्हणून काय बिघडलं? काकी एवढंच म्हणाली, की यंत्र वळणावर थांबून ऐकत नाही.

शिवरात्रीच्या पहाटे आम्ही आंबेखोलला होतो. काकीची आई अंगणात शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसली होती. वाळून गेलेली म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडलेला, मांडीवर पितळेचं ताट आणि हातात पळी. मी तिला आजी म्हणून नमस्कार केला तेव्हा ती नुसती हसली. काकी तिच्यासमोर वाकून म्हणाली, सूर्य कड्यावर आला की कान दे. वाडीतली सगळी माणसं वळून बघायला लागली एवढ्या मोठ्यानं म्हणाली. म्हातारीनं मान हलवली.

उंबराच्या पाणवठ्यापाशी बायका परत फिरल्या. आम्ही तिघी पुढे गेलो. रुक्मिणीनं मागे वळून एकदा गावाकडे पाहिलं आणि पदर खोचला. पुरुष केव्हाच पुढे निघून गेले होते. त्यांच्या भजनाचा आवाज वरून येत होता आणि आमची हाळी त्याच्या मागून चालली होती. चढण काकीनं सांगितली होती त्याहून वाईट होती. गुडघा छातीला लागत होता. पण मला भीती वाटली नाही. दर वळणाला काकीची हाक जायची, आमची ओ जायची, ती थोडा वेळ कान देऊन उभी राहायची, आणि मग पाऊल. त्या थांबण्यातच दम परत यायचा. आपल्याला हे जमतंय, हे माझ्या पायांना आधी कळलं आणि मग मला.

मधल्या रानात कारवीची दाट झाडी लागली आणि माझ्या लक्षात आलं की भजन थांबलंय. बराच वेळ झाला होता. पुढे एका अरुंद खिंडीच्या तोंडाशी सगळे पुरुष घोळका करून उभे होते. कॅसेटची एक बाजू संपली होती, दुसरी लावली तर सेल बसले होते. आणि वाटेतच, खिंडीच्या कडेला, एक वारूळ नुकतंच फोडलेलं होतं. माती ओली होती. आत झाडीत काही तरी हलत होतं. निर्जळी उपासात धावत चढून आलेल्या त्या माणसांपैकी एकाच्याही घशात थुंकी नव्हती. नंदकिशोर मुक्या टू-इन-वनला पोटाशी धरून उभा होता.

काकीनं त्यांना बाजूला केलं. ती घाईनं पुढे आली नाही, आपल्या चालीनंच आली. खिंडीच्या तोंडाशी पाय रोवून उभी राहिली आणि हाळी दिली. आम्ही दोघींनी ओ दिली. तिनं परत दिली. झाडीत फांद्या मोडल्याचा आवाज झाला, मग तो आवाज खाली ओढ्याच्या बाजूला लांब लांब होत गेला. काकी तो पूर्ण थांबेपर्यंत उभी राहिली. मग मागे न बघता म्हणाली, "चला."

भाऊ आमच्या मागे चालायला लागले. पुढच्या वळणाला तिची हाक गेली तेव्हा माझ्या मागून भाऊंची ओ आली, घोगरी आणि तुटकी. त्यापुढच्या वळणाला सगळ्यांची आली. हाळीचा मान कोणाकडे, हा प्रश्न त्यानंतर मंडळात कधी निघाला नाही.

माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य कड्यावर होता. बाकीचे कपारीत महादेवाकडे गेले. महादेवाशी माझं काही नव्हतं, मी काकीबरोबर कड्याच्या टोकाकडे गेले. खाली आंबेखोलची घरं कौलांचे ठिपके होऊन पडली होती. वारा पाठीमागून गावाकडे वाहत होता. काकीनं पदर कमरेला घट्ट बांधला, गावाकडे तोंड केलं आणि हाळी दिली. असली हाक मी पुन्हा ऐकली नाही. मग आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. नुसता वारा. तिनं परत दिली. मग पुन्हा एकदा. ताट काही वाजलं नाही.

मी म्हटलं, वारा उलटा आहे काकी, तिचा आवाज वर येणार नाही. तिनं मान हलवली. उतरताना ती हाका देत होती, पण वळण संपलं की खाली बघत चालायची. मी तिच्या मागे ओ देत राहिले.

दिवेलागणीच्या आधी गावात पोचलो. म्हातारी अंगणात तिथेच बसली होती. शेजारची बाई आम्हाला बघून धावत आली आणि वैतागून म्हणाली, की अगं सुगंधे, आवर हिला. सूर्य कड्यावर आला तेव्हापासून ताट बडवतेय, पाणी प्यायलासुद्धा थांबली नाही. आणि कान तर पार गेलेले, दारातला कोंबडा आरवलेला कळत नाही तिला.

काकी जागीच उभी राहिली. मलाही तेव्हाच उलगडलं. डोंगर मुका झाला होता तो नुसती हाळी थांबली म्हणून नाही, म्हातारीच्या कानातही. आणि हे सगळ्या गावाला ठाऊक असून काकीला ठाऊक नव्हतं, कारण काकी जे बोलायची ते म्हातारीला नीट ऐकू यायचं. साऱ्या जगात तेवढा एकच आवाज तिच्यापर्यंत पोचत होता.

म्हातारीनं लेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी. सगळा चेहरा जागच्या जागी आहे याची खात्री करून घेतली. पितळेचं ताट मधोमध चेपलं होतं.

"आयकली मी," ती म्हणाली. "तुज्या बावानी दिलनी तशीच दिलीस. आनि माजा ताट? आयकलास काय गो?"

काकीनं चेपलेल्या ताटावर हात ठेवला. ती कशीबशी म्हणाली, "ऐकलं."

म्हातारीनं कानामागे हात धरला. "काय? मोट्यान बोल गो. पुटपुटतेस काय?"

उभ्या जन्मात कोणी तिला हे सांगितलं नव्हतं. काकीनं डोळे पुसले, पाय रोवले, छाती भरून घेतली आणि ओरडली, "ऐकलं गो आये."

दरीपलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. म्हातारीनं ताट बाजूला ठेवलं आणि आमच्यासाठी भात टाकायला ती आत गेली.